लाभ, दोन, तीन, चार

सहा महिन्यांची फी भरली,
तीन महिन्यांत लेकीचं मन उडालं,
आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत:
पैसे परत मिळणार नाहीत.
म्हणून उरलेले तीन महिने मी जातो.
कोपरखैरणे, पिठाच्या गिरणीवरचा माळा,
मंगळवार, शनिवार, साडेसहा.

वर्गात मी सोडून सगळे चौथी-पाचवीतले.
त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत,
माझे गुडघे कुठे ठेवावेत कळत नाही.
जोबिन सर बावीस वर्षांचे. मला काका म्हणतात,
मी त्यांना सर.

हाताला घट्टे आहेत, मी आधीच सांगितलं.
एकोणतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केट,
पन्नास किलोची गोण, हातात आकडा.
पण घट्टे तळव्यावर.
बोटांची टोकं अजून तान्ह्या पोराची,
हे त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.
पहिल्या आठवड्यात भाकरी आमटीत बुडवली
तर अशी झोंबली
की नंदा म्हणाली, काय झालं?
म्हटलं, ई मायनर.

ठोक्याचं मात्र फार शिकवावं लागलं नाही.
खाली, खाली-वर, वर-खाली-वर.
सर मोजतात एक, दोन, तीन, चार.
जावळीत बा भाताचं माप घालताना
एक म्हणत नसे,
माझ्याही तोंडून लाभच निघालं.
लाभ, दोन, तीन, चार.
पोरं खिदळली.
चष्मेवाली इरा आता तसंच मोजते.

उजवा हात चालतो, डावा मागे राहतो.
सीवरून जीवर जाताना मध्ये
एक फट पडते,
ट्रक आणि फलाट यांच्यात असते तेवढी.
तिथे आम्ही फळी टाकतो.
फळीवर, पाठीवर ओझं असताना,
पायांकडे बघायचं नसतं,
बघितलंस की गेलास,
हे मी किती नव्या पोरांना सांगितलंय,
आणि इथे मान मोडून
बोटांकडे बघत बसलोय.
"बघू नका काका," सर म्हणतात,
"जी तिथेच आहे. कुठे पळत नाही."

करंगळी वाकत नाही.
नाशिकच्या ट्रकचा फाळका पडला होता तिच्यावर,
समृद्धी झाली त्या वर्षी.
सरांनी ती हातात घेतली,
उलटीसुलटी करून पाहिली,
आणि तिला वगळून जी बसवून दिला.
दवाखान्यातही एवढा वेळ
कुणी पाहिली नव्हती.

रात्री तारांखाली रुमाल घालून वाजवतो,
भिंतीपलीकडच्या ठोंबऱ्यांना पहाटे उठायचं असतं.
मलाही.
रुमालातून सूर येत नाही, नुसता ठोका येतो,
दूर कुणी मसाला कुटतंय असा.
काल एकदा रुमाल काढून
हळूच हात ओढला.
आतून समृद्धी, पुस्तकातून डोकं न काढता:
"पाचवी तार मुकी राहिली. बोट उभं ठेव ना, बाबा."
म्हणजे तिचे तीन महिनेही
अगदीच फुकट गेले नाहीत.

शनिवारी मुदत संपते.
एफ येत नाही.
तर्जनी आडवी पाडायची, सहाच्या सहा तारा
तिच्या एकटीच्या खाली.
अख्खे ट्रक रिकामे केलेत मी,
हे एक बोट मला झोपवता येत नाही.
विचारलं सरांना, एफ यायला किती दिवस?
"कुणाला महिना, कुणाला वर्ष.
माझ्या पप्पांना आलाच नाही."
मग ते काय वाजवतात?
"एफ नसलेली गाणी. पुष्कळ आहेत काका."

खाली गिरणी सुरू झाली होती,
जिना थरथरत होता, पायऱ्यांवर पीठ.
उतरताना कठडा धरला
डाव्या हाताने,
तर्जनी आडवी.