नखावरची धार

सेरिदोच्या बाजारात माझं मटणाचं दुकान.
सत्तेचाळिसावं सरत होतं तेव्हा
रेसिफेहून आलेली एक चष्मेवाली बाई
शेळीचं मटण सोडून
माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मी नेहमीसारखा सुरीचं पातं
नखावरून हलकेच ओढत होतो,
एका अंगानं, मग दुसऱ्या,
कुठं खाच लागते का ते चाचपत.

"हे कुणी शिकवलं?"
"वडिलांनी."
"त्यांना?"
"त्यांच्या वडिलांनी. सगळेच करतात."
"नाही करत," ती म्हणाली
आणि अर्धा किलो तोलून ठेवलेलं
तसंच सोडून गेली.

दुपारी बाकीच्या खाटकांकडे चक्कर टाकली.
जुरांदिर पँटीला सुरी पुसतो आणि कापतो.
त्याचा भाऊ पुसतही नाही.
मी स्वतःला हाडाचा खाटीक समजत होतो.
हाड कुणाचं, ते विचारलं नव्हतं.

मग घर आठवू लागलं, उलट्या टोकाकडून.
रक्तावर वाळू टाकायची:
माश्या बसू नयेत म्हणून, असं वाटायचं.
केर उंबऱ्याकडून आत ओढायचा.
शुक्रवारी दिवा मडक्याच्या आत:
वाऱ्यानं विझतो म्हणे.
आमच्याकडे वारा वर्षातून दोनदा येतो.
डुक्कर? पोटाला मानवत नाही.
तीनशे वर्षं एकाच घराण्याचं पोट नाजूक
आणि एकाही शेजाऱ्याला शंका नाही,
की होती?

पहिल्या चांदणीकडे बोट केलं
की झुल्मीरा आत्याचा फटका:
चामखीळ येईल!
मोजताना कुणी पाहिलं तर काय येईल
हे ती कधी बोलली नाही.

तिच्याकडे गेलो. अठ्ठ्याऐंशीची, खाटेला खिळलेली.
"आत्या, आपण कोण?"
"आधी दार लाव."
दार लावलं.
ती भिंतीकडे तोंड करून झोपली.
मी बराच वेळ त्या कडीकडे बघत बसलो.

रेसिफेच्या सिनेगॉगमध्ये कागद मागितले.
माझ्याकडे नख होतं, मडकं होतं.
दोन वर्षं अक्षरं गिरवली, उजवीकडून डावीकडे,
मटणाचा वास जाईपर्यंत हात धुऊन.
मग सुंता, एकोणपन्नासाव्या वर्षी.
जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यावर माझा हात स्थिर,
आणि त्या टेबलावर मात्र
साओ पाउलोच्या डॉक्टरला मी विचारलं,
"नखावर बघितलीत का?"
तो हसला. मी नाही.

नाव लिहायची वेळ आली.
रब्बी म्हणाले, बाहेरून येणाऱ्याच्या बापाचं नाव
आब्राहाम असंच लिहितात.
म्हटलं, मला बाप आहे.
अब्दियास. आखूड बोटांचा, विडी ओढणारा.
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा
आणि गुडघे टेकताना दर वेळी
चपलेचा बंद सोडून बांधायचा.
त्यानं तो शब्द उच्चारला नाही
म्हणून माझ्या नावातून त्याला कापायचं?

रब्बींनी चष्मा काढला, पुसला, घातला.
नियम नियम असतो, म्हणाले,
आणि आब्राहाम लिहिलं.
मी बसस्टँडवर कागद उलटा करून
पेन्सिलीनं खाली अब्दियास लिहिलं.
पेन्सिल बोथट होती. दोनदा गिरवलं.

आता शुक्रवारी चारला शटर ओढतो.
जुरांदिर म्हणतो, धंदा बुडवशील.
बुडतोच आहे थोडा.

काल शनिवारी संध्याकाळी
आत्याच्या अंगणात उभा होतो.
वर बोट केलं. एक.
आतून खोकला, मग तिचा आवाज:
"चामखीळ येईल रे!"
मी हात खाली घेतला नाही.
खाट करकरली.
बऱ्याच वेळानं, अगदी हळू:
"किती झाल्या?"