बरणी

लिस्बनला फिलोमेनानं विचारलं,
पोदेर अजून सायकलवरनंच येतो ना?
येतो, म्हटलं.

स्विंडनला उल्हासदादानं मिसकुटाची बरणी उघडली,
नुसती हुंगली.
आपल्याच झाडाची?
हं, म्हटलं, आणि चहात साखर घातली
जी मी घेत नाही.

मस्कतला भाचीच्या पोरीनं
माझी बॅग घरभर ओढत नेली,
मी कुणाची कोण, न विचारता.

एकवीस दिवस एकटी.
वाट कुठंच चुकले नाही.

आता दिवाडीची फेरी, खाजणात भरती.
झाड मार्चमध्येच पडलं.
लाकूड पोदेरानं नेलं भट्टीला,
कैऱ्या म्हापशाच्या बाजारातल्या.

बॅगेत ती बरणी, धुऊन दिलेली.
झाकण काढलं तर वास आहेच.

उद्या सकाळी पोंपों वाजेल.
दोन पाव जास्तीचे घेईन.