नहनु

अजमानच्या महकम्यात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं काम 'मी' म्हणण्याचं.

नियमच आहे तसा : दुभाष्याने 'तो म्हणतो' म्हणायचं नाही.
म्हणून साडेआठला मी चेक दिला,
खात्यात दिडकी नसताना, सही माझीच, तारीख कोरी.
सव्वानऊला मी वळणावर ब्रेक दाबला
आणि तो माणूस तरीही गेला.
दहाला मला माझी मुलगी हवी होती,
निदान शुक्रवारपुरती.
अकरापर्यंत मी दोनदा कबूल झाले, एकदा साफ नाकारलं,
आणि पर्समध्ये शिक्का, शाईची डबी,
अर्धं खाल्लेलं केळं.

अरबीत हे सोपं जातं.
'गेलो' आणि 'गेले' तिथे एकाच शब्दात मावतात.
ट्रेलरचा ड्रायव्हर माझ्या तोंडून बोलला
तरी मला मिशी फुटत नाही.
मराठीत परतताना मात्र उंबऱ्यावरच अडवतात :
बाई की बाप्या?

खाली कॅन्टीनमध्ये उस्ताझ रिफअत
करक चहात बिस्कीट बुडवतात आणि निकालांवर बोलतात,
कालच्या मॅचवर बोलावं तसे.
"चेकवाला आता सहसा आत जात नाही, रुकय्या.
थेट वसुली. खातं गोठलं, गाडी गोठली. सुधारणा आहे."
बिस्कीट तुटून तळाशी जातं.
"मेलेल्याचे पैसे विमा कंपनी देईल.
मुलीचं म्हणशील, तर बाईचा वकील झोपला होता."
माझं मत ते विचारत नाहीत.
काचेला कोण मत विचारतं, पुसली की झालं.

मंगळवारी शटरिंगचे अकरा सुतार आले.
सगळ्यांच्या वतीने केरबा सणगर उभा राहिला,
कागलकडचा, इस्त्रीचा शर्ट दुसऱ्याचा,
बाह्या बोटांपर्यंत.
"सात म्हैनं झालं पगार थटलाय.
शेटचा फोन बंद. क्याम्पात टँकरचं पानी, त्येबी उधारीवर.
आमी लई मागत न्हाई.
जेवढं ठोकलंय, तेवढं द्या."

मी अरबीत म्हणाले :
केलेल्या कामाच्या प्रमाणात आम्हाला मोबदला मिळावा.
एकही खिळा वाजला नाही.

न्यायाधीश तरुण होते, बिनकाठाचा चष्मा.
कागद उलटले, पुन्हा सरळ केले.
"नहनु," ते म्हणाले, आम्ही, किंवा आपण,
"याकडे बघू."

मराठीत इथे दोन दारं आहेत.
'आम्ही'च्या आत खुर्च्या, एसी, आणि तुम्ही बाहेर.
'आपण'मध्ये सतरंजी अंथरलेली,
सरका जरा, बसा टेकून.
अरबांना एकच दार पुरतं.
त्यांना कधी आतबाहेर ठरवावं लागत नाही
आणि मला अर्धा श्वास होता.

कुराणावर हात ठेवून मी शपथ घेतलेली आहे :
वाढवणार नाही, घटवणार नाही.

"आपण बघू," मी म्हणाले.

केरबा मागे वळला.
"सायेब म्हनत्यात, आपन बघू."
दहा जणांपैकी एकाने वरचं बटण लावलं.
एक कोवळा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
भिंतीचा टेकू सोडून सरळ उभा राहिला.

मग पुढची तारीख. अठ्ठावीस.
मग केरबा माझ्याजवळ येऊन, हळूच, आदबीने :
"ताई, सायेब किती वाजता येत्यात?
क्याम्प लांब हाय. बघायचं तर उजेडात बघावं.
आमी गेटावर थांबतो."

हे वाक्य कुणासाठी भाषांतरित करायचं
मला कळेना.
तोंड उघडं, दोन्ही भाषा रिकाम्या.
शिपायाने पुढचा नंबर पुकारला.

मी दुकानदार होते, चार महिन्यांचं भाडं तुंबलेलं,
आणि हात जोडून सांगत होते
की मला थोडी मुदत हवी.