बाजू

भुसावळच्या रेल्वे मैदानाला भिंत आहे,
भिंतीला पश्चिमेकडे एक भोक.
गेटवर नाव विचारतात.
भोक काही विचारत नाही.

मी लोको शेडचा रिटायर्ड फिटर, वामन झांबरे.
शिट्टी माझी, शंकू चार, बाकी सगळं उसनं.
मे महिन्यात संध्याकाळी सहालाही
गोलपोस्टला हात लावून बघा,
इंजिन थांबलंय नुकतंच, असं वाटेल.

कंबर आला तो भोकातून,
काखेत प्लास्टिकचा चेंडू, एकात एक बसवलेले दोन.
वरचा चिरलेला, आतला कोंबलेला.
"काकांनी केला. तेहरानच्या गल्लीत असाच करतात.
एकाचा वाऱ्यावर जातो. दोघांचा ऐकतो."
काका तेहरानला गेलेले नाहीत.
चष्म्याच्या फ्रेमा घेऊन ते फार तर बऱ्हाणपूर गाठतात.

इराणी मोहल्ल्यात मी एका रात्री गेलो,
मॅच बघायला.
तिकडची सतरा वर्षांखालची पोरं, इवल्या मोबाइलवर.
सफदरकाका अंगठ्याने चित्र थांबवत होते.
"बघा, आठ जण मागं. घाबरले वाटतात ना?
वाट बघतायत. समोरच्याला पुढं येऊ देतायत."
मग एक चेंडू, लांब, तिरका,
आणि डावीकडचा पोरगा रेषेला चिकटून सुटला,
बचाववाला त्याच्यामागे,
आणि चेंडू त्याच्याकडे आलाच नाही.
तो गेला, जिथून बचाववाला उठला होता तिथे.
तिथे कोणीतरी निवांत उभा.
गोल.

काकांनी पुन्हा मागे नेलं. पुन्हा.
चौथ्यांदा मी फक्त त्या पळणाऱ्याकडे बघितलं.

"बाजूने पळाला," मी म्हणालो.
काकांनी स्वतःच्या दंडावर थाप मारली:
"बाजू. आमच्यात याला बाजू म्हणतात."
तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी
पोरांना हातावरून पळा सांगत होतो.

आमच्याकडे केळी कच्चीच उतरवतात.
ट्रकमध्ये, गाडीच्या डब्यात, वाटेत कुठेतरी ती पिवळी होते.
पोरांचं तसं होत नाही, भो.
पण जिल्ह्याला घाई असते.
पंधरा दिवसांत संघ, आठवड्यात जर्सी,
उंच तो पुढे, जाड तो गोलीत.
मी दोन पावसाळे फक्त एवढंच शिकवलं:
चेंडू मिळणार नाही हे माहीत असून
पूर्ण वेगाने कसं पळायचं.
कोणाला आवडतं ते?
बेंडाळ्यांचा चिन्मय रडला होता.
कंबर नाही रडला.
त्याला सवय असावी, किंवा नसावी. मी विचारलं नाही.

जळगावला निवड होती.
टेबलावरचे साहेब फॉर्म वाचून म्हणाले,
"इराणी? कुठला?"
"भुसावळचा."
जन्माचा दाखला झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स,
तारीख अशी पुसट की सात वाचा, एक वाचा.
खेळू दिलं.

चाळीस मिनिटं. चिन्मयचे तीन गोल.
तिन्ही वेळा समोरचे दोघे
कंबरच्या मागे कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत गेलेले,
तिन्ही वेळा मधे पटांगण मोकळं.
कंबरच्या पायाला चेंडू लागला पाच वेळा, मी मोजला.
साहेबांच्या वहीत रकाने होते: गोल, पास, उंची, वजन.
पळण्याचा नव्हता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये चिन्मय खिडकीशी झोपला.
कंबर दाराशी उभा.
मी म्हणालो, "पुढच्या वर्षी."
तो म्हणाला, "सर, तिसऱ्या गोलला मी उशिरा वळलो."

दुसऱ्या दिवशी शिट्टी विसरलो घरी. गेलो तसाच.
भोकाजवळ चार लहानगे, विटांचे गोल,
तो दोन कातड्यांचा चेंडू.
कंबर एकाची हनुवटी धरून सांगत होता,
"चेंडूकडं नको बघू. माझ्याकडं पण नको.
मी निघालो की
मी होतो तिथं बघ."

पोराने बघितलं. बरोबर बघितलं.
आणि असा मारला की चेंडू भिंतीपलीकडे.
सगळे भोकातून आणायला गेले.