राखीव जागा

अकरा वर्षं त्या कप्प्यात दोन वायरी होत्या
टोकांना पिवळ्या टोप्या घालून,
मागच्या बाकावरच्या मुलांसारख्या गप्प.
वर स्टिकर : जनरेटरसाठी राखीव.
आम्ही तिथे घडीच्या खुर्च्या कोंबल्या,
पाण्याचा पाइप, कोळशाची शेगडी,
आणि पेनी गेल्यावर तिचं अंथरूण,
जे दोघांनाही टाकवेना.

डेल्मर एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला.
नेब्रास्कात बर्फाचं वादळ सुटलं
की सगळं गाव आत आणि हा बाहेर.
आता निवृत्त होऊन या वाळवंटात आलो,
तर ढगाळ हवेच्या तिसऱ्या रात्री
आमचीच बॅटरी मेली.
हीटरचा पंखा कण्हला, थांबला.
दिव्याखाली अंधार, मी म्हणाले.
तो हसला नाही. दोन मोजे चढवून
पाठ करून निजला.

युमाच्या एलिसेओ वेल्डरकडे एक जुना मिळाला,
गॅसवर चालणारा, पावणेतीनशे पौंडांचा.
‘आईच्या घरासाठी होता,’ तो पुसत म्हणाला,
‘आता तिच्याकडे लाइन आली.’

फिफ्थ-व्हील म्हणजे
ट्रकच्या पाठीवर हनुवटी टेकून चालणारं घर.
त्या हनुवटीतच हे धूड बसवायचं.
डेल्मरने पाकिटाच्या पाठीवर वजनं मांडली :
टाकीतलं पाणी, माझं शिलाई मशीन, मी.
(मी माझे सहा पौंड कमीच सांगितले.)

मग दोन दिवस नुसती कापाकापी.
स्वतःच्या घराच्या तळाला
करवतीने भोक पाडणारा माणूस पाहणं
सोपं नसतं. मी टॉर्च धरला.
भोकातून खालची वाळू दिसली,
एक मुंगी, आणि आमच्या संसाराची जाडी :
जेमतेम दोन बोटं.
धुराचा नळ बाहेर काढला,
पलंगाच्या उशाशी विषारी वायूची घंटी लावली,
शेवटी त्या दोन टोप्या काढल्या.
आतलं तांबं अजून नवंकोरं होतं.
तो क्षणभर बघत राहिला त्याच्याकडे.
अंथरुणाबद्दल कुणीच बोललं नाही.
ते आता ट्रकच्या मागच्या सीटवर आहे.

संध्याकाळी बटण दाबलं.
खोकला, थुंकला, मग लागला एका सुरात.
दिवे, हीटर, मायक्रोवेव्ह, बाहेरचा दिवासुद्धा.
मी हौसेने गोधडीची कड शिवायला घेतली.
डेल्मर तासांच्या मीटरजवळ उकिडवा,
शून्य पूर्णांक एक, शून्य पूर्णांक दोन,
नातवाची उंची मोजावी तसा.

तेवढ्यात ओफेलिया आली, पलीकडच्या तंबूतली,
डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून.
आम्ही दोघांनी मनात माफी जुळवली.
ती एवढंच म्हणाली, ‘किती वेळ?’
रागाने नाही. पाहुणे कधी जाणार,
हे लहान मूल विचारतं तसं.
तिच्या मागे, तीन पायांवर,
दुर्बीण उभी होती, झाकण लावलेली.

डेल्मरने मीटरकडे पाहिलं.
दीड तास झाला होता.
बंद केलं.

आधीही इथे शांतताच होती,
पण ती फुकटची होती, लक्षात आली नव्हती.
ही कानांवर येऊन बसली
चांगली जड.
दूर कुठे कोल्हा की कोयोटी,
आणि गरम लोखंड निवताना होणारी टिकटिक.

‘या बघायला,’ ओफेलिया म्हणाली.
डोळे सरावेपर्यंत अर्धा तास गेला.
डेल्मरने वाकून भिंगाला डोळा लावला,
आयुष्यभर ज्याने अंधार
दुरुस्त करायची गोष्ट मानली, तो.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, ‘हे किती व्होल्टचं?’
ओफेलिया इतकी हसली
की दुर्बीण हलली, आणि ते जे काही होतं
ते निसटलं.
पुन्हा शोधायला बसलो तिघं.

गोधडीची कड वाकडी शिवली गेलीय,
सकाळी पाहिलं.
उसवणार नाही.