कानस

“नवीनच घ्या, इंगळेसाहेब,” नई सडकवरचा पोरगा म्हणाला,
“बासष्ट सीसी. बाभूळ लोण्यासारखी कापेल.”
गुडघ्याचा डॉक्टरही असंच म्हणाला होता.
मी पावणेपाच मिलिमीटरची गोल कानस घेतली
आणि लंगडत वखारीत परतलो.

बावीस इंची पट्टी उतरवून अठराची चढवली.
सायलेन्सरच्या तोंडची जाळी काढली, भोक जरा मोठं केलं.
मग एकेक दात. तीन-तीन हात, पुढच्या दिशेनेच;
परत येताना कानस उचलायची,
नाहीतर तीच बोथट होते.
दातांपुढचे खुंटही घासले, केसभर.
केसभर जास्त झाले:
पहिल्याच ओंडक्यावर करवत अशी उसळली
की हरचरण तराजूमागे लपला.
दात पुन्हा घासून खुंटांशी मेळ घातला.
संध्याकाळ त्यातच गेली.

आवाज वाढलाय, खरं आहे.
समोरच्या पितळेकाकू खिडकी आपटून लावतात.
पण लष्करात थंडी पडलीय,
आणि त्यांच्याच बंबाला वीत-वीत ढलप्या लागतात.

भुसा
कालपर्यंत पिठासारखा उडायचा, नाकात जायचा.
आज पोह्यांसारखा पडतोय.
वाकून मूठभर उचलला, कोमट होता.
गुडघा कुरकुरला.
कुरकुरू दे.