टवका की ओरखडा

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
नौशादभाईंनी काउंटरवर दोन बेस आडवे ठेवले.
दोन्ही काळे, दोन्ही चार तारांचे,
दोन्हींवर साडेतीन हजारांची सूट.
एकाच्या कडेला टवका, नखाएवढा,
आतलं लाकूड उकडलेल्या रताळ्यासारखं.
दुसऱ्याच्या पाठीवर ओरखडा.
"तो काय, पट्ट्याच्या बकलानं तुम्हीच पाडला असता."

टवका की ओरखडा, तासभर उलटसुलट करत बसलो,
मुलगी बघायला आल्यासारखा.
मग त्याचीच लाज वाटली.

तेवढ्यात वीज गेली. ॲम्प मुका.
"बरं झालं," ते म्हणाले,
"अब्बा भोपळा निवडायचे तो डोळे मिटूनच.
जबडा टेका."
अंधारात एकाच्या खांद्याला जबडा लावून
सगळ्यात जाड तार छेडली.
आवाज कानात नाही,
चांदी भरलेल्या दाढेत आला.
दुसराही बोलला, पण गालापर्यंतच.

वीज आली तेव्हा
पिशवीची चेन लावून झाली होती.

घरी एस्तेरनं उघडून पाहिलं,
म्हणाली, "आणि हे काय?"
बोट ठेवलं
आम्हा दोघांनाही न दिसलेल्या
तिसऱ्याच जागी.